गावातून इंटरनॅशनल मार्केटिंगचा ऑनलाइन कोर्स: नोंदणीच्या आधीपासून परीक्षेच्या दिवसापर्यंत

विदर्भातल्या वरुड, समुद्रपूर, भिवापूर, दारव्हा या भागांतली मुलंमुली आता घरबसल्या इंटरनॅशनल मार्केटिंग शिकू लागली आहेत. कोणी बी.कॉम. करता करता, कोणी एमबीए म्हणून, कोणी घरच्या संत्र्याला वा हळदीला बाहेर गिऱ्हाईक मिळेल या आशेने. अभ्यासात कमी पडून मधेच सोडणारे थोडे. बहुतेकांचं गाडं क्रम उलटा लागल्यामुळे अडतं: आधी फी भरतात, मग मान्यता विचारतात, आधी सगळी व्याख्यानं बघतात, मग प्रकल्पाचा विषय शोधतात. म्हणून हा लेख क्रमाने वाचा. टप्पा ३ संपेपर्यंत कुठेही पैसे भरू नका.

टप्पा १: आपल्याला नेमकं काय हवं ते ठरवा

"ऑनलाइन कोर्स" या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, एकच विषय. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर हा विषय किंवा त्याला लागून असलेला इंटरनॅशनल बिझनेस मोफत शिकता येतो. प्रमाणपत्र हवं असेल तेवढंच परीक्षेचं शुल्क लागतं. सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात, पण प्रत्येक विषय प्रत्येक सत्रात असेलच असं नाही.

दुसरी, पूर्ण पदवी. विद्यापीठाची ऑनलाइन बी.कॉम., एम.कॉम. किंवा एमबीए, ज्यात हा एक पेपर असतो. इथे फी मोठी आणि वेळही वर्षांचा.

तिसरी, खासगी संस्थांचे "एक्स्पोर्ट-इम्पोर्ट" वर्ग. त्यांत मुख्यतः कागदपत्रं शिकवतात: परवाना, बिल, कस्टम. ते उपयोगी असतं, पण ते मार्केटिंग नव्हे. माल कोणत्या देशात, कोणत्या गिऱ्हाइकाला, कोणत्या रूपात आणि कोणत्या भावाने द्यायचा, हा आपला विषय. माल निघाल्यावर कागद कसे भरायचे, हा त्याच्या पुढचा.

माझं मत विचाराल तर विषय नवा असेल त्याने आधी स्वयमवरचा एक कोर्स पूर्ण करावा. झेपतोय आणि आवडतोय असं दिसलं तरच पदवीच्या फीचा विचार करावा. घरच्या कापसाच्या चुकाऱ्यातून फी जाणार असेल तर हा क्रम आणखीच महत्त्वाचा.

टप्पा २: मान्यता स्वतः तपासा

पदवी घेणार असाल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर जा आणि तीन गोष्टी जुळतात का ते बघा: विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि माध्यम. एखाद्या विद्यापीठाला दूरशिक्षणाची परवानगी असते पण ऑनलाइनची नसते. एखाद्याला ऑनलाइन बी.कॉम.ची असते पण एमबीएची नसते. परवानगी ठरावीक सत्रांपुरती असते, म्हणून गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका.

आधीच कॉलेजात असाल आणि स्वयमचे क्रेडिट पदवीत धरून घ्यायचे असतील, तर यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय असे घेता येतात. पण त्यासाठी तुमच्या कॉलेजने तो विशिष्ट कोर्स आधी मान्य केलेला असावा लागतो. नोंदणीआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. परीक्षा पास झाल्यावर "हा कोर्स आमच्या यादीत नाही" हे ऐकण्याची वेळ येऊ नये.

*सावधान:* तालुक्याच्या ठिकाणी कोणी "आमच्या सेंटरवरून ऑनलाइन पदवी" देतो म्हणाला तर तिथे पैसे देऊ नका. यूजीसीच्या नियमांत अशा अभ्यासक्रमांना फ्रँचायझी चालवायला परवानगी नाही. फी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर, विद्यापीठाच्याच खात्यात जाते. सेतू केंद्रातून फॉर्म भरून घेणं वेगळं. तिथे फक्त भरणावळ द्यायची आणि पावती विद्यापीठाची घ्यायची.

टप्पा ३: कागद आणि नाव एकसारखं करा

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी नुसतं अक्षर. लग्न झालेल्या मुलींच्या कागदांवर तर दोन आडनावं. ऑनलाइन पदवीला प्रवेश घ्यायचा तर आता डीईबी-आयडी लागतो, त्याच्यासाठी एबीसी आयडी (शिक्षणाचे क्रेडिट जमा होणाऱ्या सरकारी खात्याचा क्रमांक), आणि तो डिजिलॉकरमधून आधारवर निघतो. या साखळीत एका ठिकाणी नाव अडलं की पुढचं सगळं थांबतं.

म्हणून प्रवेश सुरू होण्याच्या महिनाभर आधी:

१. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते बघा. बऱ्याच घरी तो वडिलांचा किंवा बंद पडलेला जुना नंबर असतो, आणि ओटीपी तिकडे जातो.

२. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि पदवीची गुणपत्रिका शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवा. दुरुस्ती लागली तर आधी ती करा.

३. स्वतःचा ईमेल स्वतः उघडा. सेतूवाल्याने उघडून दिलेला, पासवर्ड त्याच्याच वहीत असलेला ईमेल चालणार नाही. हॉल तिकीट, मुदतीच्या सूचना, निकाल, सगळं त्यावरच येतं.

*तपासा:* डिजिलॉकर स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या हाताने उघडता आलं का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: कोर्सचं वेळापत्रक हंगामाशेजारी मांडा

शहरातल्या मुलाला हा टप्पा लागत नाही, तुम्हाला लागतो. जुलै सत्राचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला तर शेवटचे आठवडे आणि परीक्षा नेमकी सोयाबीनच्या सोंगणीत, कापसाच्या पहिल्या वेचणीत आणि दिवाळीच्या आसपास येते. आंबिया बहाराचा संत्राही ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच तुटतो. जानेवारी सत्र घेतलं तर परीक्षा एप्रिलच्या सुमारास, उन्हात, आणि मृग बहाराचा बगीचा असेल तर फळतोड फेब्रुवारीपासून चालू. पूर्ण रिकामा काळ आपल्याकडे नाहीच. पण घरी सोयाबीन-कापूस असेल तर जानेवारी सत्र बरं, आणि मृग बहाराचा संत्रा असेल तर जुलै.

एका कागदावर बारा रकाने आखा. प्रत्येक आठवड्याखाली वावरातलं काम लिहा आणि ज्या आठवड्यांत अभ्यास होणारच नाही त्यांवर फुली मारा. स्वयममधल्या एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाच्या, बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, म्हणजे चारपर्यंत सुटली तरी हिशेब बिघडत नाही. मात्र ही सवलत सुरुवातीलाच आळसात खर्चू नका. सोंगणीसाठी राखून ठेवा.

नेटचं गणितही याच कागदावर. गावठाणात कोणत्या कंपनीचं नेटवर्क कोणत्या वेळी चांगलं चालतं हे तुम्हाला माहीतच असतं, बहुधा पहाटे. त्या वेळेला आठवड्याची सगळी व्याख्यानं उतरवून घ्या, ७२० ऐवजी ३६० दर्जावर. स्लाइड वाचता येते आणि डेटा निम्म्याहून कमी लागतो. सोबत व्याख्यानाची लिखित प्रत मिळत असेल तर तीही घ्या. वीज गेली, टॉवर बंद पडला, तरी अभ्यास अडत नाही.

*सावधान:* असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. वादळी पावसात टॉवर गेला म्हणून कोणी मुदत वाढवून देत नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवायचं, हाच नियम.

टप्पा ५: एक माल, एक देश

आता मुख्य गोष्ट. हा विषय व्याख्यानं ऐकून येत नाही. पहिल्या आठवड्यातच आपल्या भागातला एक माल आणि एक देश निवडा आणि पुढचा प्रत्येक धडा त्या जोडीवर लावून बघा. बहुतेक उदाहरणं अमेरिकन शीतपेयांची आणि बर्गरची असतात. ती परीक्षेपुरती लक्षात राहतात आणि दुसऱ्या दिवशी पुसली जातात.

माल कोणता घ्यावा? नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वर्ध्याकडची वायगाव हळद आणि नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी मिरची यांनाही ते आहे. कापूसही घेता येईल, पण मी नवख्याला तो सुचवत नाही. कापूस गाठीत जातो, घेणारी गिरणी असते, भाव जागतिक बाजारात ठरतो. ब्रँड, वेष्टन, जाहिरात या धड्यांना तिथे लावायला फारसं काही मिळत नाही. हळद सगळ्यात सोपी: वाळलेली, टिकाऊ, अख्खी, पूड किंवा अर्क अशा वेगवेगळ्या रूपांत विकता येणारी. संत्रा अवघड, पण शिकवतो भरपूर. पुढची उदाहरणं संत्र्याचीच घेतो.

देश निवडताना हमखास होणारी चूक म्हणजे "लोकसंख्या मोठी, म्हणून बाजार मोठा". बघायचं ते असं: तो देश हा माल आधीपासून आयात करतो का, किती करतो, कोणाकडून करतो आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत करतो. आखाती देशांत आपल्या संत्र्यासमोर पाकिस्तानचा किन्नू (संत्र्यासारखंच फळ) उभा असतो. दक्षिण आफ्रिकेचा माल साधारण जून ते सप्टेंबरमध्ये येतो, तेव्हा आपल्याकडे फळ नसतं. म्हणजे त्याच्याशी थेट टक्कर कमी. या दोन वाक्यांतच स्पर्धा आणि हंगाम हे दोन धडे आले.

बांगलादेश हा विदर्भाच्या संत्र्याचा जुना आणि जवळचा गिऱ्हाईक. त्याने काही वर्षांत आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढवलं आणि त्याचा फटका थेट बगीच्यातल्या भावाला बसला. हे घरच्या चर्चेत तुम्ही ऐकलेलं असतं. पुस्तकात "टॅरिफ अडथळा" आणि "एकाच बाजारावर अवलंबून राहण्याची जोखीम" लिहिलेलं असतं ते हेच.

*तपासा:* तुमची जोडी एका ओळीत सांगता येते का? "संत्रा परदेशात" ही जोडी नाही. "मृग बहाराचा ताजा संत्रा, दुबईच्या किरकोळ बाजारासाठी, फेब्रुवारी-मार्चमध्ये" ही जोडी आहे.

टप्पा ६: आकडे काढताना

जगातल्या प्रत्येक मालाला एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीतल्या वर्गीकरणाचा क्रमांक, असतो. पहिले सहा अंक सगळ्या देशांत सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे. भारतात एकूण आठ. इथेच संत्र्यावर काम करणारे बहुतेक विद्यार्थी घसरतात. ते "ऑरेंज" शोधतात आणि ०८०५१० उचलतात. नागपुरी संत्रा, सैल सालीचा, मँडरिन गटात मोडतो: ०८०५२१. ०८०५१० मध्ये मोसंबीसारखी घट्ट सालीची फळं येतात. कोड चुकला की बाजार, स्पर्धक, शुल्क सगळंच दुसऱ्याच फळाचं निघतं, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या तक्त्यातच दिसतं.

आणखी एक खाच आहे. २०१७ च्या आधी मँडरिन गटाचा कोड एकच होता, ०८०५२०. त्या वर्षी त्याचे मँडरिन, क्लेमेंटाइन आणि इतर असे तीन भाग झाले. दहा-पंधरा वर्षांची तुलना करायची तर नव्या तिघांची बेरीज जुन्याशी जुळवा. नाही तर २०१७ मध्ये निर्यात अचानक कोसळल्यासारखी दिसेल.

आकडे मोफत मिळतात. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा ट्रेड मॅप, शुल्कासाठी त्यांचाच मार्केट ॲक्सेस मॅप, भारताच्या निर्यातीसाठी वाणिज्य मंत्रालयाची आकडेवारी आणि शेतमालासाठी अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं, संकेतस्थळ. वापरताना चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ट्रेड मॅपवर किंमत हजार डॉलरमध्ये असते. ५०० दिसलं तर ते पाच लाख डॉलर. तिथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, आपल्या मंत्रालयाचं एप्रिल ते मार्च. निर्यात करणारा देश बहुधा जहाजावर चढेपर्यंतची किंमत कळवतो आणि आयात करणारा भाडं-विमा धरून, म्हणून एकाच व्यवहाराचे दोन आकडे वेगळे येतात. आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून, कोणत्या तारखेला घेतला ते त्याच वेळी लिहा, नंतर सापडत नाही.

टप्पा ७: आठवडा कसा चालवायचा

व्याख्यान एकदा सलग बघा, टिपण न काढता. दुसऱ्यांदा थांबून थांबून, लिहीत. मग वही मिटून तो मुद्दा घरातल्या कोणाला तरी मराठीत सांगा. आई, भाऊ, शेजारचा कास्तकार काका, कोणीही चालेल. काकाने "पण त्याचा आपल्याला काय फायदा?" विचारलं आणि उत्तर आलं नाही तर मुद्दा अजून समजलेला नाही. त्यानंतरच इंग्रजीत चार वाक्यं स्वतः लिहा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून आधी इंग्रजी सुधारायला बसू नका, विषय समजला की वाक्यं येऊ लागतात.

वाचायला पैसे घालवू नका. इग्नूचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोशावर मोफत आहे. त्यांचा आयबीओ-०२ हा पेपर इंटरनॅशनल मार्केटिंग मॅनेजमेंटचाच आहे. व्याख्यान कळलं नाही तर तोच भाग तिथे वाचा.

प्रत्येक आठवड्याचा शेवट एका पानाने करा: या आठवड्याची कल्पना माझ्या माल-देश जोडीला कशी लागते? परदेशी बाजारात शिरण्याचे मार्ग शिकलात तर लिहा, गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीने थेट निर्यात करावी की नागपूरच्या निर्यातदारामार्फत, आणि का. माल त्या बाजाराला जुळवून घेण्याचा धडा आला तर लिहा, नागपुरी संत्र्यात बिया असतात आणि बाहेरच्या बऱ्याच बाजारांत बिनबियांचं, सोपं सोलणारं फळ मागतात. मग ताजं फळ विकायचं की रस-गर? बारा आठवड्यांची बारा पानं म्हणजे तुमचा प्रकल्प जवळजवळ तयार.

टप्पा ८: किंमत, जिथे प्रकल्प पडतात

किमतीच्या धड्याला दोन आठवडे द्या, बाकीचे धडे थोडे मागे राहिले तरी चालेल. बगीच्यातला भाव घेऊन त्याला डॉलरमध्ये बदलून "निर्यात किंमत" लिहिणारे प्रकल्प इतके येतात की सांगता सोय नाही. किंमत पायरीपायरीने चढवा: बगीच्यातला भाव, तोड आणि हमाली, प्रतवारी आणि फळावरचा मेणाचा थर, खोका, खराब होणारं फळ, पॅकहाउस ते बंदर किंवा सीमा, फायटोसॅनिटरी (माल रोग-कीडमुक्त असल्याचा) दाखला आणि कागदपत्रं, भाडं, विमा, तिकडचं शुल्क, आयातदाराचा नफा, दुकानदाराचा नफा. प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीत. आकडे वरुडच्या किंवा काटोलच्या व्यापाऱ्याला, वाहतूकदाराला विचारून आणा. शेवटची किंमत दुबईच्या दुकानात किन्नूशेजारी ठेवली तर कोणी घेईल का, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी नेहमीची चूक इन्कोटर्म्सची, म्हणजे कोणता खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची व कोणती घेणाऱ्याची हे ठरवणाऱ्या व्यापारी अटींची. २०२० च्या नियमांत अकरा अटी आहेत. त्यांतल्या एफएएस (माल जहाजाशेजारी), एफओबी (जहाजावर), सीएफआर (भाडं धरून) आणि सीआयएफ (भाडं-विमा धरून) या चार फक्त समुद्री आणि अंतर्गत जलमार्गासाठी. वरुडहून ट्रकने बांगलादेश सीमेला जाणाऱ्या मालाला "एफओबी" लिहिलं की ते चूक. तिथे एफसीए (माल वाहतूकदाराच्या हाती), सीपीटी (ठरलेल्या ठिकाणापर्यंतचं भाडं धरून) किंवा डीएपी (ठरलेल्या ठिकाणी पोचता) यांतलं काही बसेल. कंटेनरमधून जाणाऱ्या मालालाही एफसीएच योग्य धरतात, कारण माल जहाजावर चढण्याच्या बराच आधी तुमच्या हातातून गेलेला असतो.

*तपासा:* किमतीच्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे "हा खर्च कोणाचा, विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा" लिहिता येतं का? येत असेल तर अट बरोबर निवडली आहे.

टप्पा ९: परीक्षेची नोंदणी आणि परीक्षा

कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वयमवर पहिली मोफत, दुसरीला शुल्क आणि वेगळी मुदत. सगळ्या असाइनमेंट दिल्या पण परीक्षेचा फॉर्म राहिला, असं दर सत्रात कोणाचं तरी होतं. फॉर्म उघडल्याची सूचना आली त्याच आठवड्यात भरा.

एनपीटेलच्या कोर्सला असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३०, दोन्ही स्वतंत्रपणे लागतात. एकीकडचे जास्त गुण दुसरीकडची कमी भरून काढत नाहीत.

परीक्षा केंद्रावर जाऊन संगणकावर द्यायची असते. शहर फॉर्ममध्येच निवडावं लागतं, तेव्हा नकाशावरचं अंतर बघू नका, एसटीचं वेळापत्रक बघा. सकाळी ९ च्या परीक्षेला पहाटे निघून पोहोचता येत नसेल तर आदल्या रात्रीची सोय करा, आणि निवड मिळत असेल तर दुपारचं सत्र घ्या. हॉल तिकीट छापील, ओळखपत्र मूळ. फोनवरचा फोटो दाखवून आत सोडत नाहीत.

ऑनलाइन पदवीच्या परीक्षा काही विद्यापीठं घरूनच, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली घेतात. त्याला संगणक, कॅमेरा आणि सलग चालणारं नेट लागतं. मोबाइलवर चालेल का, मधे वीज गेली तर काय, हे दोन प्रश्न फी भरण्याआधी विद्यापीठाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. गावात सोय होत नसेल तर तालुक्याच्या अभ्यासिकेतली खोली किंवा ओळखीच्या कॉलेजची प्रयोगशाळा आधीच बोलून ठेवा, आणि त्याच संगणकावर, परीक्षेच्याच वेळेला, एक सराव चाचणी देऊन बघा.

लेखी परीक्षेत केस, म्हणजे एखाद्या कंपनीची परिस्थिती, दिलेली असेल तर उत्तराची सुरुवात व्याख्येने करू नका. आधी निर्णय लिहा, मग त्यामागचे दोन आधार, मग कोणता पर्याय सोडला आणि का, शेवटी जोखीम. हा क्रम तुमच्या बारा पानांत बारा वेळा लिहून झालेला असतो, त्यामुळे परीक्षेत नव्याने सुचवावा लागत नाही.

निकाल लागला की प्रमाणपत्र उतरवून घ्या, क्रेडिट एबीसी खात्यात दिसतात का बघा, आणि दिसत नसतील तर कॉलेजला त्याच आठवड्यात अर्ज द्या. बारा पानांची वही मात्र रद्दीत घालू नका. गावातली शेतकरी उत्पादक कंपनी निर्यातीचा विचार करत असेल तर तिच्या बैठकीत किमतीचा तो तक्ता ठेवा.